आकाशवाणी सातारा, १०३.१ : जुनी गाणी, जिल्ह्याचं स्टेशन आणि मोनोचं बटण

रेडिओचा काटा १०३ च्या किंचित पुढे नेला की आकाशवाणी सातारा लागतं. बाज जिल्हा केंद्राचा : थोडं स्थानिक मराठी, ठरलेल्या वेळी बातम्यांचं सहक्षेपण (दुसऱ्या केंद्राचं प्रसारण जसंच्या तसं पुढे देणं) आणि त्यांच्या आगेमागे विविध भारती. साताऱ्यात राहून जुनी गाणी ऐकायची तर कुठलं स्टेशन, असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर हेच आहे. मात्र ते लावायचं कसं आणि कुठल्या वेळी ऐकायचं, हे कळलं पाहिजे. ‘स्टेशन खरखरतं’ अशी तक्रार ज्या घरातून येते, तिथं दोष बहुतेक वेळा घरातच सापडतो आणि शे-दोनशे रुपयांच्या तारेत मिटतो.

आधी गाण्यांबद्दल. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरात अमीन सायानींचं बिनाका गीतमाला तिथं सुरू झालं आणि बुधवारची रात्र सिलोनची झाली. आकाशवाणीला हे उमगायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. हे नाव पंडित नरेंद्र शर्मांनी दिलेलं. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ ला, तिच्यावर जाहिराती आल्या, त्याही पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच तीन केंद्रांवर. स्थानिक केंद्राची कल्पना आणखी नंतरची. देशातलं पहिलं असं केंद्र १९८४ मध्ये नागरकोईलला उभं राहिलं. जिल्ह्यापुरतं प्रसारण आणि उरलेल्या वेळेला विविध भारती, हा साचा पुढे महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आला.

विविध भारतीची खरी कमाई निवेदनात आहे. गाणं लागायच्या आधी किंवा संपल्यावर चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार सांगितले जातात. फोनवर गाणी ओळीनं वाजत राहतात, गीतकाराचं नाव मात्र तिथं शोधूनही सापडत नाही. महिनाभर सकाळी ‘भूले बिसरे गीत’ ऐका. ज्या गायिकांची नावं एरवी कुठं कानावर पडत नाहीत, त्यांचे आवाज ओळखू यायला लागतील. या कार्यक्रमातली गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या काळातली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून गाणीही तेवढ्याच लांबीची. अर्ध्या तासात सात बसतात, निवेदन लांबलं तर सहा.

रात्री दहाचं ‘छायागीत’ अगदी वेगळ्या जातीचं. इथं फर्माईश नसते. निवेदक स्वतः एखादा विषय घेतो, चार ओळी बोलतो आणि त्या ओळींतून गाणं उगवतं. पाऊस, वाट पाहणं, गाव, आरसा, विषय कुठलाही चालतो. गाणी निवडणाऱ्याचा कान किती तयार आहे हे अर्ध्या तासात उघडं पडतं, त्यामुळे निवेदकागणिक कार्यक्रमाची चव बदलते. आमच्या मते विविध भारतीवरचा आजचा सर्वांत चांगला अर्धा तास हाच. त्यानंतर ‘आप की फरमाइश’ लागते. ती झोपण्याआधी मंद आवाजात ऐकायला बरी, पण तिच्यात तीच ती वीस-पंचवीस गाणी फिरून येतात.

संध्याकाळी सातच्या बातम्यांनंतरची ‘जयमाला’ फौजींसाठी. या जिल्ह्यात तिला वेगळं वजन आहे. अपशिंगे गावाच्या नावालाच मिलिटरी जोडलेलं आहे आणि देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली. सीमेवरच्या जवानानं पाठवलेली फर्माईश त्याच्या गावात चुलीपुढे ऐकली जाते, आणि हे काम गाण्यांच्या कुठल्याही अ‍ॅपला जमणारं नाही. शनिवारच्या विशेष जयमालेत चित्रपटसृष्टीतली एखादी व्यक्ती गाणी सादर करते. तीही चुकवू नये.

आता सांध्यांबद्दल, म्हणजे एक प्रसारण सोडून दुसरं जोडतात त्या जागांबद्दल, कारण जिल्हा केंद्रावर विविध भारती ऐकणाऱ्याचा रसभंग होतो तो तिथंच. मुंबईहून कार्यक्रम उपग्रहावर चढतो. जिल्हा केंद्र तो डिशवर उतरवून घेतं आणि आपल्या ट्रान्समीटरला देतं. बातम्यांची किंवा स्थानिक कार्यक्रमाची वेळ झाली की ड्युटी रूममधून स्रोत बदलावा लागतो. घड्याळ मिनिटाला बांधलेलं असतं, गाणं नसतं. मुंबईचा निवेदक त्याच्या कार्यक्रमाची वेळ नीट जुळवतो, पण एखाद्या जिल्ह्यात मधेच सहक्षेपण सोडावं लागतं हे त्याच्या हिशोबात नसतं. मग अंतरा सुरू असताना गाणं तुटतं. सकाळचंच उदाहरण घ्या. पुण्याच्या प्रादेशिक बातम्या ७ वाजून १० मिनिटांनी असतात, आणि ‘भूले बिसरे गीत’ची सातची वेळ त्याच अर्ध्या तासातली. ज्या केंद्राला दोन्ही द्यायचं असेल, त्याला गाण्यांच्या मधोमध कापावंच लागणार. स्थानिक बाजूनं थोडा हात सैल ठेवला, म्हणजे गाणं ओसरत नेऊन दहा सेकंदांची धून लावली, तर हा सांधा सुसह्य होतो. ज्या केंद्रावर हे जाणीवपूर्वक करणारी माणसं कामावर असतात तिथं ते लगेच ऐकू येतं. अखंड कार्यक्रमच हवा असेल त्यांनी त्या अर्ध्या तासापुरतं अ‍ॅप किंवा डीटीएच लावावं. पुण्याच्या बाजूला राहणाऱ्यांना १०१.० वर पुण्याची विविध भारती आहेच.

स्थानिक मराठी भागाबद्दल मात्र आमचं मत स्पष्ट आहे : तो कमी होऊ नये. सकाळचे अभंग, भावगीतं, शेतीची माहिती, बाजारभाव, जिल्ह्यातल्या माणसांच्या मुलाखती हे मुंबईहून येणार नाही. जुनं मराठी गाणं हिंदीच्या गर्दीत हरवतं, आणि ते नियमानं लावणारी जागा आता जिल्हा केंद्रांपलीकडे फारशी उरलेली नाही. माण तालुक्यात म्हसवडला ९०.४ वर माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. तिचा भर गावच्या बोलण्यावर आणि बायकांच्या प्रश्नांवर. जुन्या गाण्यांसाठी ती लावायची नसते, पण माणच्या बाजूला गेलात तर काटा तिकडेही फिरवून बघा.

आता कामाचं. रेडिओवर ‘स्टिरिओ/मोनो’ असं बटण असेल तर ते मोनोवर, म्हणजे डावीकडे-उजवीकडे एकच आवाज अशा बाजूला, टाका. जुन्या गाण्यांसाठी याहून मोठी सुधारणा फुकटात होत नाही. एफ.एम. स्टिरिओत डाव्या-उजव्या आवाजातला फरक वेगळ्या लहरीवर चढवून पाठवतात आणि रेडिओ तो उकलतो. या उकलीत वरच्या पट्टीतला सगळा सूंसूं आवाज सोबत येतो. मोनोइतकाच स्वच्छ आवाज स्टिरिओत हवा असेल तर सुमारे २० डेसिबल जास्त, म्हणजे शंभरपट ताकदीचा सिग्नल लागतो. शिवाय सत्तरच्या दशकाआधीची हिंदी-मराठी गाणी जवळजवळ सगळी मुळातच मोनो आहेत. डावं-उजवं असं त्यांत काही नाहीच, मग स्टिरिओत त्यांच्यासोबत येते ती नुसती खरखर. मोनो केल्यावर हरवत काहीच नाही आणि पाठीमागचा पडदा एकदम शांत होतो. बटण नसेल तर एकाच स्पीकरचा साधा दोन बँडचा रेडिओ घ्या. तो जन्मतःच मोनो असतो, आणि म्हणूनच स्वयंपाकघरातला जुना रेडिओ दिवाणखान्यातल्या महाग म्युझिक सिस्टीमपेक्षा स्वच्छ वाजतो.

दुसरी खूण ‘स’ आणि ‘श’ची. निवेदक बोलत असताना ही अक्षरं फाटल्यासारखी, थुंकी उडाल्यासारखी ऐकू आली तर कारणं दोनच असतात. पहिलं, काटा नेमका बसलेला नाही. तो केसभर इकडेतिकडे करा. ‘स’ गोळीबंद झाला की थांबा. आकडे दाखवणाऱ्या रेडिओत ही अडचण येत नाही, तिथं १०३.१ म्हणजे १०३.१. दुसरं कारण म्हणजे डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून आलेली तीच लहर थोड्या उशिरानं सरळ लहरीत मिसळणं. डोंगरांनी वेढलेल्या साताऱ्यात हे होणारच. यावर काटा फिरवून उपयोग नाही, रेडिओच हलवायचा. या फ्रीक्वेन्सीची लहर सुमारे २ मीटर ९० सेंटिमीटर लांब असते. तिचा चौथा भाग ७३ सेंटिमीटर. म्हणून रेडिओ फळीवरून पाऊण मीटर बाजूला ठेवला तरी आवाज पार बदलू शकतो. आधी भिंतीला समांतर सरकवा, मग भिंतीपासून दूर. लोखंडी कपाट, फ्रीज आणि पत्र्याचं छप्पर यांच्यापासून लांब, आणि शक्यतो खिडकीजवळ. योग्य जागा सापडली की खडूनं खूण करून ठेवा, कारण झाडलोट करताना रेडिओ हलतोच.

रेडिओची दांडी पूर्ण ओढलीच पाहिजे असं नाही. ७० ते ७५ सेंटिमीटर पुरते. उभी, तिरपी, आडवी अशा तिन्ही तऱ्हा करून बघा. तेवढ्यानं भागलं नाही तर घरीच डायपोल, म्हणजे दोन तारांची साधी अँटेना, करा. सामान एवढंच : स्पीकरची दोन पदरी वायर दीड-दोन मीटर, टीव्हीची ७५ ओहमची केबल लागेल तेवढी, प्लॅस्टिकची नळी दीड मीटर, दोन स्क्रू आणि चिकटपट्टी. स्पीकर वायरचे दोन पदर सोडवून ६९-६९ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. ते नळीवर एका रेषेत लावा, मधे दोन सेंटिमीटर जागा सोडा. केबलची मधली तार एका तुकड्याला आणि बाहेरची जाळी दुसऱ्याला जोडा. सांधा डाखून घेतला तर उत्तम, नुसता पिळ दिला तर पहिल्या पावसाळ्यात हिरवा पडतो. सांध्यावर पट्टी घट्ट गुंडाळून केबलला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी केबलच्या आत न उतरता तिथून ठिबकेल. नळी आडवी बांधा, आवाज ऐकत तिला सावकाश फिरवा, मग उभी करून तेच करा. जिथं सूंसूं सर्वांत कमी तिथं कायमची बांधा. उंची मात्र लांबीपेक्षा मोलाची. तोच डायपोल खोलीतून गच्चीवर नेला की फरक न सांगता कळतो.

रेडिओला मागे अँटेनाचं सॉकेट असेल तर प्रश्न नाही. नसेल तर केबलची मधली तार दांडीला चिमट्यानं लावा आणि जाळी रेडिओच्या बॅटरीच्या ऋण टोकाला. वळवाच्या दिवसांत ढग जमले की गच्चीवरून आलेली केबल रेडिओपासून सोडवून खिडकीबाहेर टाकायची. यात आळस नको. वीज घरावर पडायची गरज नसते, जवळपास पडली तरी रेडिओतला अँटेनाला जोडलेला भाग जळतो.

स्टेशन नीट येत असून अधूनमधून घरघर उठत असेल तर संशय घरातल्या वस्तूंवर घ्या. रेडिओ सेलवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. घरघर थांबली तर चोर घरात आहे. मग स्विच चालू करून एकेक वस्तू लावत जा. बहुतेक वेळा स्वस्त एलईडी दिवा, बिनछापाचा मोबाइल चार्जर, पंख्याचा जुना रेग्युलेटर किंवा इन्व्हर्टर सापडतो. मध्यमलहरींवर या वस्तू अख्खं स्टेशन गिळतात, एफ.एम.वर त्रास कमी असतो, पण दुबळ्या सिग्नलच्या घरात जाणवतो. अडॅप्टरवर चालवताना पाठीमागे सतत ‘हूं’ असा जाड आवाज येत असेल तर दोष अडॅप्टरचा. सेलवर तो नाहीसा होतो.

स्टेशनच्या मनोऱ्याजवळ राहणाऱ्यांची तक्रार उलटी असते : एकच स्टेशन काट्यावर दोन-तीन ठिकाणी वाजतं आणि बाकीची गडप होतात. सिग्नल रेडिओला झेपत नाही म्हणून हे होतं. दांडी पूर्ण आत ढकला.

मोबाइलवर एफ.एम. ऐकायचं तर तारेचे इयरफोन लागतात, कारण ती तारच अँटेना असते. ब्लूटूथचे चालत नाहीत. फोनमध्ये एफ.एम.ची सोय बंद करू नये असं केंद्र सरकारनं २०२३ मध्ये कंपन्यांना सुचवलं होतं, तरी नवा फोन घेताना दुकानात विचारून, लावून बघूनच घ्या.

गाडीत गोष्ट निराळी. एफ.एम. लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते आणि डोंगरामागे तिची सावली पडते. पुण्याहून येताना खंबाटकीचा डोंगर मधे असतो, तोवर १०३.१ साठी धडपडू नका. शिरवळपर्यंत १०१.० ठेवा, घाट उतरून सुरूर-भुईंजच्या बाजूला आलात की काटा बदला. दोन्हीकडे विविध भारती चालू असेल तर गाणं तेच पुढे चालू राहतं. घाटात ‘फट्-फट्’ असा जो आवाज येतो त्यात रेडिओचा दोष नाही. वळणावळणाला सरळ आणि परावर्तित लहर एकमेकींना छेदतात. गाडी थांबवून हातभर पुढेमागे केली तर कळेल. वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात आणि कासच्या वाटेवरही एका वळणावर लख्ख, पुढच्यावर गायब असं होणं अपेक्षित आहे.

परदेशातून आणलेले रेडिओ आणि गाड्या यांचा वेगळा घोळ असतो. अमेरिकेसाठी बनवलेला डिजिटल रेडिओ विषम दशांशांवरच थांबतो : १०२.७, १०२.९, १०३.१. त्यामुळे त्यावर सातारा लागतं, पण मुंबईची विविध भारती १०२.८ आणि पुण्याची १०१.० नेमकी लागत नाही. बऱ्याच रेडिओंत प्रदेश बदलायची सोय असते, ती वापरा. तिथले रेडिओ वरच्या पट्टीचा आवाज आपल्यापेक्षा जास्त दाबतात, म्हणून गाणं जरा बोथट वाटतं. ट्रेबल थोडा वाढवला की ठीक. जपानच्या बाजारासाठीच्या गाडीतला जुना रेडिओ मात्र ९० च्या आसपास संपतो, तिथं वेगळा कन्व्हर्टर बसवण्यावाचून इलाज नाही.

परगावी, परदेशी राहणाऱ्यांसाठी प्रसार भारतीचं न्यूजऑनएअर अ‍ॅप आहे. त्यात विविध भारतीसोबत आकाशवाणीची प्रादेशिक केंद्रंही मिळतात. डेटाची चिंता नको; ६४ किलोबिटचा प्रवाह धरला तर तासाला २९ एमबीच्या आत भागतं. पण अ‍ॅपवरचा आवाज हवेतल्या प्रसारणाच्या बराच मागे असतो, त्यामुळे वेळेच्या टोल्यांवर घड्याळ लावू नका. घरात एका खोलीत अ‍ॅप आणि दुसरीत रेडिओ लावला तर एकच गाणं दोनदा ऐकावं लागेल. डीडी फ्री डिशवरही आकाशवाणीच्या वाहिन्या फुकट आहेत आणि आवाज चांगला, फक्त जुलै-ऑगस्टच्या मुसळधारेत डिशचा सिग्नल जातो. १०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या एफ.एम. लहरीला पावसाचं काहीच वाटत नाही. महाबळेश्वरच्या पट्ट्यात, पावसात आणि वीज गेलेली असताना, सेलवरचा रेडिओ हेच खात्रीचं साधन.

एवढं सगळं करूनही स्टेशन बिघडलेलं वाटलं तर ते केंद्राला कळवा, मात्र ‘आवाज नीट येत नाही’ एवढंच लिहून भागत नाही. गाव आणि तालुका, तारीख, वेळ मिनिटासह, रेडिओ कुठला आणि अँटेना कुठली, आवाज कसा (सूंसूं, घरघर, फाटका, की पूर्ण शांतता), आणि त्याच वेळी दुसरं एखादं एफ.एम. स्टेशन नीट येत होतं का, हे सहा मुद्दे लिहा. शेवटचा मुद्दा सर्वांत उपयोगी. दुसरं स्टेशन स्वच्छ आणि हे मात्र शांत असेल तर दोष प्रसारणाकडे आहे, आणि शांतता नेमक्या कुठल्या मिनिटाला सुरू झाली त्यावरून दुवा उपग्रहाचा तुटला की ट्रान्समीटर बसला हे त्यांना लॉगमध्ये शोधता येतं. पत्रावर ‘अभियांत्रिकी विभागासाठी’ असं लिहा. कार्यक्रमाबद्दलचं, म्हणजे कापलेल्या गाण्याबद्दलचं किंवा हव्या असलेल्या मराठी गाण्यांबद्दलचं पत्र वेगळं पाठवा, आणि त्यात कार्यक्रमाचं नाव आणि तारीख न विसरता घाला.